ग्रंथपालांचे ऑनलाइन शिक्षण आणि डिजिटल कौशल्ये : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न महाराष्ट्रातल्या महाविद्यालयीन ग्रंथपालांचे, सार्वजनिक वाचनालयांतल्या कर्मचाऱ्यांचे आणि कार्यवाहांचे, तसेच नुकतीच बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) होऊन नोकरी शोधणाऱ्यांचे आहेत. उत्तरे देणारा स्वतः महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो. त्यामुळे काही ठिकाणी मते ठाम आहेत, ती तशीच ठेवली आहेत.

सुरुवात कोणत्या कोर्सपासून करू?

कोर्सपासून करूच नका. आधी आपल्या ग्रंथालयाची पुस्तकांची यादी उघडा. ती दाखल नोंदवहीत आहे, एक्सेलमध्ये आहे की एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकली आहे? मराठी मजकूर युनिकोडमध्ये (ते काय, हे पुढच्या उत्तरात) आहे का? एखादे शीर्षक शोधले तर सापडते का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की काय शिकायचे ते आपोआप ठरते. कोर्समध्ये नमुन्याची वीस इंग्रजी पुस्तके दिलेली असतात, त्यांच्यावर सगळे सुरळीत चालते. तुमच्या कपाटातल्या पुस्तकांवर तीच रीत लावली की अडते, आणि शिकण्यासारखे खरे तिथेच असते.

आमची यादी एक्सेलमध्ये आहे, पण दुसऱ्या संगणकावर उघडली की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. असे का?

ती यादी श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली आहे. या फॉन्टमध्ये संगणक आत रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवतो, फक्त त्यांची चित्रे देवनागरीची दाखवतो. फॉन्ट गेला की मराठीही गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो.

अशी यादी पुन्हा टाइप करायची गरज नसते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. मात्र प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, म्हणून आधी फॉन्टचे नेमके नाव शोधा. रूपांतर झाले की शंभरेक ओळी डोळ्यांनी तपासा. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. इंग्रजी शीर्षके, किमती आणि दाखल क्रमांक यांचे स्तंभ रूपांतरातून वगळा, नाहीतर त्यांचाही कचरा होतो.

नवीन टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट हा देवनागरीचा प्रमाण कळफलक शिका. रोमन अक्षरांनी मराठी टाइप करायचा फोनेटिक कळफलक पहिल्या दिवशी सोपा वाटतो, पण रोज नोंदी करायच्या असतील तर इनस्क्रिप्टसारखा वेग नाही.

सगळे युनिकोडमध्ये टाइप केले आहे, तरी पुस्तक आहे हे माहीत असूनही शोधात येत नाही. संगणक बिघडलाय का?

संगणक ठीक आहे. हा मराठीचा खास घोळ आहे आणि कोणत्याही तयार कोर्समध्ये तो शिकवत नाहीत, म्हणून इथे जरा सविस्तर.

‘दऱ्याखोऱ्यांतून’ असा शब्द घ्या. यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. शोध घेणाऱ्या यंत्रणेच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. सकाळच्या पाळीतल्या लिपिकाने एका पद्धतीने नोंद केली आणि संध्याकाळी वाचकाने मोबाइलवरून दुसऱ्या पद्धतीने शोधले, की पुस्तक ‘नाही’ होते.

तीच गत इंग्रजी शब्दांतल्या ‘ॲ’ची. तो एकसंध अक्षर म्हणून टाइप होतो, अ वर चंद्र देऊनही होतो आणि हिंदी कळफलकावरून आला तर ‘ऍ’ होतो. म्हणजे ‘ॲडव्होकेट’ किंवा ‘ॲनिमल’ने सुरू होणारी शीर्षके तुमच्या यादीत तीन ठिकाणी विखुरलेली असू शकतात.

यावर उपाय दोन. ग्रंथालयापुरता एक नियम ठरवा (मी इनस्क्रिप्टचा ऱ आणि एकसंध ॲ वापरतो) आणि तो कागदावर लिहून संगणकाशेजारी चिकटवा. जुन्या नोंदींत ‘शोधा आणि बदला’ चालवून सगळे एका पद्धतीत आणा. बदलण्याआधी फाइलची प्रत काढा, हे सांगायला नको. वाचक दुसऱ्या पद्धतीने शोधणारच, त्यामुळे अडचण पूर्ण संपत नाही. पण निदान आपल्या बाजूने एकवाक्यता असते, आणि काउंटरवरच्या माणसाला कोणत्या पद्धतीने शोधायचे ते माहीत असते.

जुन्या पुस्तकांची शीर्षके जुन्या शुद्धलेखनात आहेत. ती सुधारून लिहायची का?

नाही. मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘कांहीं’, ‘घरांतील’, ‘माझें’ असेच छापलेले असते. नोंदीत शीर्षक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसे असेल तसेच यायला हवे. मार्क २१ मध्ये, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथालय-नोंदींच्या ठरलेल्या साच्यात, ते २४५ या क्षेत्रात जाते. आजच्या लेखनातले रूप २४६ या क्षेत्रात, म्हणजे शीर्षकाचे पर्यायी रूप म्हणून द्या. वाचकाने अनुस्वाराशिवाय शोधले तरी पुस्तक सापडते आणि मूळ नोंदही खरी राहते. हे एक क्षेत्र नीट वापरता आले तरी जुन्या वाचनालयांचे निम्मे काम हलके होईल.

लेखकांच्या नावांचे काय? एकाच लेखकाची चार नावे यादीत आहेत.

‘कुसुमाग्रज’, ‘वि. वा. शिरवाडकर’, ‘विष्णु वामन शिरवाडकर’ आणि ‘शिरवाडकर वि.वा.’ (मध्ये जागा न सोडता) अशी चारही रूपे एकाच यादीत मी पाहिली आहेत. एक रूप प्रमाण ठरवायचे आणि बाकीच्या रूपांवरून तिकडे निर्देश द्यायचा. ग्रंथालयशास्त्रात हे आपण शिकलेलोच असतो, संगणकावर करायचे तेवढे राहून जाते. यासाठी ओपनरिफाइन हे मोफत साधन शिका. ते जवळजवळ सारखी नावे एकत्र गटाने दाखवते आणि एका टिचकीत एकरूप करते. टोपणनाव आणि खरे नाव एकच आहेत हे त्याला कळत नाही. तिथे तुमचे वाचन उपयोगी पडते.

एक्सेलमधून सॉफ्टवेअरमध्ये यादी नेताना काय बिघडते?

तीन गोष्टी. दाखल क्रमांकापुढची शून्ये एक्सेल खाऊन टाकतो, ‘००४५१’चे ‘४५१’ होते. तेरा आकडी आयएसबीएनचे दशांशचिन्ह आणि ‘ई’ असलेले विचित्र रूप होते आणि तसेच साठवले गेले तर मूळ आकडे परत मिळत नाहीत. आणि सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) साठवताना ‘यूटीएफ-८’ हा युनिकोडचा पर्याय निवडला नाही तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. म्हणून हे स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवा. मग मार्कएडिट या मोफत साधनाने स्तंभांचे मार्क नोंदींत रूपांतर करता येते. आधी पन्नास नोंदी नेऊन पाहा. दहा हजार एकदम नेऊन मग चुका शोधत बसण्यासारखी शिक्षा नाही.

ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे : कोहा, ई-ग्रंथालय की सोल?

ई-ग्रंथालय हे एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचे, मुख्यतः सरकारी ग्रंथालयांसाठी केलेले. तुमची संस्था सरकारी असेल तर आधी तिकडे चौकशी करा, सर्व्हर सांभाळायची डोकेदुखी वाचते. सोल हे विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचे, महाविद्यालये आणि विद्यापीठे डोळ्यांसमोर ठेवून केलेले, विकत घ्यावे लागणारे. त्याची ३.० ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. कोहा न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ इथल्या ग्रंथालयासाठी तयार झाले, २००० च्या सुरुवातीला तिथे वापरात आले आणि तेव्हापासून मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता आणि बदलता येणारे, आहे. परवान्याचे पैसे नाहीत, पण लिनक्स ही संगणकप्रणाली सांभाळणारा माणूस लागतो.

माझे मत कोहाच्या बाजूने आहे. मात्र ते ‘फुकट’ म्हणून घेऊ नका. एखाद्याने येऊन बसवून दिले आणि गेला, मग वीज गेल्यावर डेटाबेस उघडेना, अशी ग्रंथालये जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. निदान रोजचा बॅकअप आपोआप घेणे, तो दुसऱ्या डिस्कवर नेणे आणि त्या बॅकअपवरून एकदा प्रत्यक्ष पुन्हा उभे करून पाहणे, एवढे ग्रंथालयातल्या एका तरी माणसाला स्वतः जमले पाहिजे. यूपीएस हवाच.

आणखी एक. कोहातील झेब्रा हा शोधक मूळ मांडणीत देवनागरी शब्द नीट तोडत नाही. त्याची आयसीयू, म्हणजे युनिकोड शब्द नीट तोडणारी, मांडणी चालू करून सगळ्या नोंदी पुन्हा इंडेक्स कराव्या लागतात. बसवून देणाऱ्याला हे आधी विचारा. त्याला आयसीयू म्हणजे दवाखाना वाटला तर दुसरा माणूस शोधा.

झेड३९.५० ने (दुसऱ्या ग्रंथालयाच्या सूचीत शोधायच्या पद्धतीने) तयार नोंदी उतरवून घेता येतात म्हणे. मराठी पुस्तकांच्या मिळतात का?

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे मराठी पुस्तकांच्या नोंदी भरपूर आहेत, त्यांचे दिल्लीत कार्यालयच आहे. पण त्यातल्या पुष्कळ नोंदी रोमन लिपीत, डोक्यावर आडव्या रेघा आणि खाली ठिपके देऊन लिहिलेल्या असतात. विषयशीर्षके आणि वर्गांक घ्यायला त्या चांगल्या. शीर्षक आणि लेखक मात्र देवनागरीत स्वतःच भरावे लागतात.

मग ऑनलाइन कोर्स करायचेच नाहीत का?

करा की, पण कशासाठी ते ठरवून. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे व्यासपीठ २०१७ पासून आहे. तिथे ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचे अभ्यासक्रम येतात. शिकणे विनामूल्य, प्रमाणपत्राची परीक्षा हवी असेल तर शुल्क आणि केंद्रावर हजेरी. ई-पीजी पाठशाळेवर ग्रंथालयशास्त्राचे एम.लिब. पातळीचे मजकूर आणि व्हिडिओ आहेत. मांडणी कोरडी आहे, पण मेटाडेटा, वर्गीकरण, माहितीशोध अशा विषयांना पक्का पाया मिळतो. पदवीच हवी असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नू (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) आहेत. इग्नूची ग्रंथालय स्वयंचलन आणि नेटवर्किंगची पदव्युत्तर पदविका नोकरी सांभाळून अनेकांनी केली आहे.

कोहा आणि डीस्पेस (डिजिटल संग्रहाचे सॉफ्टवेअर) शिकायला मात्र त्यांची स्वतःची माहितीपुस्तिका आणि वापरणाऱ्यांचे आपसातले प्रश्नोत्तर हाच उत्तम मार्ग. व्हिडिओ पाहताना तो कोणत्या आवृत्तीचा आहे ते आधी बघा. पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतले बटण आज त्या जागी नसते आणि माणूस उगाच स्वतःला मठ्ठ समजतो.

‘दोन दिवसांत डिजिटल लायब्ररी तज्ज्ञ’ अशा जाहिरातींच्या वाटेला जाऊ नका.

पदोन्नतीसाठी कोणती प्रमाणपत्रे चालतात?

महाविद्यालयीन ग्रंथपालांना विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांत उद्बोधन आणि उजळणी वर्गांबरोबर स्वयंचलन, डिजिटायझेशन अशा विषयांवरील किमान ५ दिवसांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. त्या त्या टप्प्याला नेमके काय लागते ते विनियमात वाचा आणि आपल्या विद्यापीठाच्या संबंधित विभागाकडून लेखी खात्री करून घ्या. एका तासाच्या वेबिनारच्या रंगीत प्रमाणपत्रांनी फाइल जाड होते, गुणांकनात त्यांचे वजन नसते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या मालवीय मिशनच्या केंद्रांतर्फे ऑनलाइन वर्ग होतात, त्यांची वेळापत्रके बघत राहा.

सार्वजनिक ग्रंथालयांतल्या मंडळींना असला लाभ नाही, हे कटू असले तरी खरे. तुटपुंज्या अनुदानातल्या पगारावर काम करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून कोर्स करावा ही अपेक्षा मला मान्य नाही. कार्यकारी मंडळाकडे शुल्क मागा, निदान शिकण्यासाठी कामाच्या वेळेतले तास तरी मागा.

एमएस-सीआयटी झाले आहे. पुरेसे नाही का?

संगणकाची भीती जायला पुरेसे. ग्रंथालयाच्या कामाला नाही.

इंग्रजी कच्चे आहे. व्हिडिओतले सर भराभर बोलतात.

उपशीर्षके चालू करा आणि वेग पाऊणपट करा. त्याहून चांगले म्हणजे जिल्ह्यातल्या तीन-चार ग्रंथपालांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून एकच धडा पाहायचा. अमक्या मॅडमना इंग्रजी समजते, तमक्या काकांना देवघेवीचे सगळे बारकावे माहीत असतात, नव्या मुलाची बोटे वेगाने चालतात. अशा बैठकांत जे शिकून होते ते एकट्याने मोबाइलवर होत नाही.

शंभर वर्षांपूर्वीची दुर्मीळ पुस्तके आमच्याकडे आहेत. स्कॅन करून वेबसाइटवर टाकू का?

आधी लेखक केव्हा वारला ते पाहा. पुस्तक केव्हा छापले यावर थांबू नका. भारतीय कायद्यात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे हक्क राहतो. लेखक १९६० मध्ये वारला असेल तर १ जानेवारी २०२१ पासून पुस्तक मुक्त. १९२० च्या पुस्तकाचा लेखक १९७५ पर्यंत जगला असेल, तर पुस्तक जुने असूनही अजून हक्कात आहे. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क वेगळा मोजायचा, आणि जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीला कुणी प्रस्तावना लिहिली असेल तर तिचाही.

हक्कात असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायची असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीने ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयांना तशी मुभा दिली आहे. अट एवढीच की त्या पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून हवी. जतन करणे वेगळे आणि सगळ्या जगाला वाटणे वेगळे, हे मात्र लक्षात असू द्या.

कामाची रीत अशी : मूळ प्रत ३०० डीपीआय किंवा जास्त, टिफ स्वरूपात. वाचकांना द्यायला पीडीएफ. फाइलचे नाव ‘स्कॅन००१’ नको, दाखल क्रमांक घाला. पुस्तक सपाट उघडत नसेल तर जबरदस्तीने दाबू नका. जुन्या बांधणीचा कणा एकदा मोडला की मोडला. अशा पुस्तकांना वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर लागतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपला दुर्मीळ संग्रह ‘ग्रंथ संजीवनी’ या नावाने ऑनलाइन आणला आहे. नोंदी कशा केल्या आहेत ते बघण्यासाठी तरी तो जरूर चाळा.

स्कॅनमधला मजकूर शोधता येईल असा करता येतो का?

येतो. टेसरॅक्ट हे मुक्त साधन मराठी ओळखते, गूगल ड्राइव्हही ओळखते. अलीकडच्या स्वच्छ छपाईवर निकाल चांगला येतो. शिळाप्रेसवरची पुस्तके, फिकट शाई, जुन्या वळणाची जोडाक्षरे आली की फजिती होते. मोडीची अपेक्षा या साधनांकडून ठेवू नका. सगळे पुस्तक दुरुस्त करणे परवडत नसेल तर अनुक्रमणिका आणि प्रकरणांची नावे तेवढी हाताने टाइप करून नोंदीत घाला. वाचक बहुधा तेवढ्यावरच शोधतो.

वाचकांना काय शिकवायचे?

राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय (आयआयटी खरगपूरचे), शोधगंगा (पीएच.डी. प्रबंधांचा संग्रह) आणि मराठी विश्वकोशाची ऑनलाइन आवृत्ती या तिन्ही ठिकाणी स्वतः अर्धा-अर्धा तास घालवा, मग शिकवा. सरकारी संस्थेत असाल तर ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही संशोधन-नियतकालिकांची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. अनुदानित खाजगी महाविद्यालयांनी एन-लिस्टचे (महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकांच्या आणि ई-नियतकालिकांच्या सेवेचे) पाहावे. पुष्कळ ठिकाणी एन-लिस्टचे शुल्क भरलेले असते आणि विद्यार्थ्यांचे लॉगिनच तयार केलेले नसतात.

विद्यार्थी चॅटबॉटने दिलेली संदर्भयादी घेऊन येतात. त्यातली पुस्तके सापडत नाहीत.

कारण त्यातली काही अस्तित्वातच नसतात. खऱ्या लेखकाच्या नावावर खरे वाटणारे शीर्षक, प्रकाशक आणि साल ही यंत्रे सहज रचून देतात, आणि मराठीत तर जास्तच. विद्यार्थ्याला ओरडू नका. त्याच्यासमोर बसून यादीतली प्रत्येक नोंद सूचीत, शोधगंगेवर आणि प्रकाशकाच्या यादीत शोधून दाखवा. एकदा पाहिले की पुढच्या वेळी तो स्वतः तपासून येतो. हे खरे संदर्भसेवेचे काम आहे, आणि ते आपल्याखेरीज कुणाला येत नाही. शीर्षकांचे लिप्यंतर, लांब मजकुराचा कच्चा सारांश अशा कामांना ही यंत्रे वापरायला हरकत नाही, फक्त तपासल्याशिवाय नोंदीत काही चढवायचे नाही.

सभासदांचा व्हॉट्सॲप गट केला आहे. चालेल ना?

गटात प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि काही महिला सभासदांना त्याचा त्रास होतो. त्याऐवजी ब्रॉडकास्ट यादी करा. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे. सभासदत्वाच्या अर्जावर नंबर कशासाठी घेतो ते एका ओळीत छापा. कोण काय वाचतो याची यादी तर कुणालाही द्यायची नाही, अगदी कार्यकारी मंडळाच्या सदस्यालाही.

प्रोग्रामिंग शिकावे लागेल का?

नाही. एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा मात्र थोडी शिका. कोहात अहवाल त्यानेच निघतात. ‘पाच वर्षांत एकदाही देवघेव न झालेली पुस्तके’ ही यादी हाताने काढायला आठवडा जातो, अहवाल एका मिनिटात देतो. तयार अहवालांचा संग्रह कोहाच्या विकीवर आहे, त्यातला उचला आणि तारखा बदला.

निवृत्तीला चार वर्षे राहिली. आता शिकून काय करू?

तुम्हाला जे माहीत आहे ते नोंदीत उतरवायला शिका. कोणत्या देणगीतून कोणता संग्रह आला, कोणत्या कपाटातली पुस्तके वर्गांक न देताच लावली आहेत, १९८० च्या दाखल नोंदवहीतल्या लाल खुणांचा अर्थ काय, हे तुमच्यानंतर कुणालाच माहीत नसेल. त्यासाठी इनस्क्रिप्ट आणि कोहातले टिपांचे क्षेत्र एवढे आले तरी पुरे. नव्या माणसाला शेजारी बसवा, तुम्ही सांगा आणि त्याला टाइप करू द्या. लाल खुणांपासूनच सुरुवात करा.